साठचा बल्ब

लोकांनी ब्लँकेटं आणली, खिचडीची पातेली आणली,
कुणी अडीचशे टूथब्रश आणले, पेस्ट विसरले.
मी वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांकडे बल्ब मागितला.
साठचा. संडासाकडे जाणाऱ्या बोळात लावायला.
ते म्हणाले, बाई, इथं तीनशे घरं जळालीत
आणि तुम्ही बल्ब मागताय?
मी म्हटलं, हो.

संध्याकाळी पुन्हा गेले. मग तिसऱ्यांदा.

वडाळ्याच्या मिठागराकडेची अख्खी ओळ गेली, चाळीस मिनिटांत,
सिलेंडर एकामागून एक.
आता शाळेच्या पटांगणात पोरं तोच खेळ खेळतात.
एक जण ओरडतो, "सिलेंडर!"
बाकीचे पळतात, आणि जो मागं राहील
त्याच्यावर राज्य.
देणगीदार म्हणाले, थांबवा हो त्यांना, बघवत नाही.
मी म्हटलं, नका बघू.
फोटोही नका काढू.

चौथी ब चा वर्ग माझ्याकडे दिलाय.
फळ्यावर अजून शुक्रवारची तारीख, पट, हजर, गैरहजर.
अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर उलटं धरून
मागच्या पानापासून मी नावं लिहीत गेले.
एकेचाळीसला नाव नाही.
मुलगी. अंदाजे पाच. पिवळा फ्रॉक, दुसऱ्या कुणाचा.
डाव्या भुवईवर जुना व्रण. बोलत नाही.
पेनाची दोरी तिनं मुठीत धरली ती सोडलीच नाही,
पुढची सगळी नावं
मी तिच्या हातासकट लिहिली.

तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट.
म्हणाला, पुतणी आहे माझी.
नाव?
पिंकी.
वर्गात चार पिंकी होत्या.
भुवईला काय लागलं होतं?
पडली असेल.
तिच्या आईचं माहेर कुठलं?
तो रडायला लागला. खरं रडला.
मग बिस्किटाचा पुडा पुढं केला.
ती पुड्याकडे बघत होती,
त्याच्याकडे नाही.

मी नाही म्हटलं.
बायका माझ्यावरच उलटल्या,
सगळं जळून गेलं आणि ही बया कागद मागते.
हवालदार म्हणाले, देऊन टाका ना, एक ताट कमी.
मी रजिस्टर मांडीखाली घेऊन बसले.
त्याला बाल कल्याण समितीचा पत्ता लिहून दिला,
बसचा नंबरसुद्धा.
तो गेला. परत आला नाही.

रात्री उंबऱ्यात आडवी झाले, किल्ली पदराच्या गाठीला,
आणि झोप लागेना.
खरंच काका असला तर?
बस चुकली असेल. खाडा परवडत नसेल.
कागदालाच भ्यायला असेल,
आपल्यात कागदाला कोण भीत नाही.

पाचव्या दिवशी एक पोरगा आला, कुर्ल्याच्या गॅरेजातून,
कोपरापर्यंत काळा.
एकेचाळीस नंबर उठली, चालत गेली
आणि त्याच्या पोटात गुद्दा घातला.
मग दुसरा.
"एवढा उशीर?"
पाच दिवसांतलं तिचं पहिलं बोलणं.
मी माहेर विचारलं नाही.

तरी रकाना भरायचाच होता.
नाव? हणमंत धोत्रे. ही रेणुका.
वय?
अठरा.
मी चष्मा वर केला.
चौदा.
आई? वडील?
तो फळ्याकडे बघत राहिला,
गैरहजरपुढचा आकडा वाचत.

चौदा वर्षांच्याच्या ताब्यात मूल देता येत नाही.
मी पुढचा नंबर टाकला. अठ्ठावन्न.
हणमंत धोत्रे, वय चौदा, हातांना ग्रीस.
म्हणाला, मी इथं राहायला नाही आलो.
मी ताट वाढलं.
तो जेवत असताना विचारलं,
तुम्हाला काका आहे का रे, इस्त्रीचा शर्ट घालणारा?
"वस्तीत सगळेच काका," म्हणाला,
आणि पुन्हा भात मागितला.

त्या संध्याकाळी वॉर्डाचा माणूस बल्ब घेऊन आला.
चाळीसचा.
हणमंतनं बाकावर बाक चढवून तो लावला.
पोरी आधी दोघी-दोघी, मग एकेकट्या
बोळातून जाऊन आल्या.
रेणुका तीनदा गेली.
तिला लागली वगैरे नव्हती.
नुसती जाऊन आली.